बाबासाहेबांचे 'बौद्ध बायबल' आणि समासातली पेन्सिल

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे वर्षावासाचे तीन महिने. या काळात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अनेक बौद्ध वस्त्यांत संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. रोवणीचे दिवस असतात. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरे पातळ नेसून येऊन बसतात. त्रिशरण-पंचशील होते, एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, सरणत्तय गाथेने सांगता होते आणि ग्रंथ निळ्या कापडात गुंडाळून बुद्धमूर्तीजवळ ठेवला जातो. आश्विन पौर्णिमेला समारोप आणि भोजनदान. मग पुढच्या आषाढापर्यंत ग्रंथ कापडातच राहतो.

ही परंपरा आमच्या समाजाने स्वतःच्या कष्टाने उभी केली आहे. तिचा आम्हाला अभिमानच आहे. पण एक प्रश्न विचारायला हवा. त्या ग्रंथाच्या पानांची अवस्था काय आहे? नागभीड-सिंदेवाहीपासून आरमोरी-कुरखेड्यापर्यंत कामानिमित्त फिरताना आम्ही अनेक विहारांतल्या प्रती उघडून पाहिल्या. वर्षानुवर्षे वाचून पाने मऊ झाली आहेत, कडा झिजल्या आहेत, पण समास कोरे आहेत. एक रेघ नाही, एक प्रश्नचिन्ह नाही. एखाद्या मुलीने पानावर पेन्सिल टेकवलीच तर मागून आवाज येतो, "पोथीवर लिवू नोको बाई!"

हा 'पोथी' शब्दच आमच्या लेखाचा विषय आहे. बाबासाहेबांनी आपल्याला पोथी दिली होती का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्यांनी दिला तो अभ्यासाचा ग्रंथ. तो पेन्सिल हातात घेऊन वाचावा, अशाच रीतीने त्याची बांधणी झालेली आहे.

'बौद्ध बायबल' हा शब्द कोणाचा?

1950 साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य' या आशयाचा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला. बौद्ध धम्माचा प्रसार करायचा तर तीन कामे झाली पाहिजेत, असे त्यांनी त्यात मांडले. भिक्खू संघाच्या रचनेत आणि उद्दिष्टांत बदल करणे आणि जागतिक बौद्ध मिशन स्थापन करणे ही त्यातली दोन कामे. पण यादीतले पहिले काम होते 'बौद्ध बायबल' तयार करणे. शब्द त्यांचाच आहे. बौद्ध वाङ्मय इतके अफाट आहे की सामान्य माणसाने ते वाचायचे तरी कधी? ख्रिस्ती माणसाजवळ हातात मावणारे एक पुस्तक असते, तसे बौद्धाजवळ नाही, ही उणीव त्यांना दिसत होती.

ती भरून काढायला त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. 1951 च्या सुमारास 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल' या नावाने मोजक्या प्रती छापून त्यांनी जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवल्या. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान, म्हणजे नावसुद्धा बायबलच्या घराण्यातले. पुढे ते नाव बदलून 'द बुद्ध अँड हिज धम्म' झाले, पण बांधणी तशीच राहिली. ग्रंथात आठ खंड आहेत. खंडात भाग, भागात प्रकरणे आणि प्रकरणात एक-दोन वाक्यांचे छोटे छोटे परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक आहे.

विहारात वाचताना हे आकडे आपण गाळतो. पण ते तिथे शोभेला घातलेले नाहीत. त्यांचा उपयोग समजून घ्यायचा तर बायबलच्या पानांवर आकडे आणि खुणा कशा आल्या, तो इतिहास थोडा पाहावा लागेल.

आकड्यांचा आणि समासाचा इतिहास

बायबल मुळात आजच्यासारखे अध्याय आणि वचनांत छापलेले नव्हते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या स्टीफन लँगटन या धर्मशास्त्र्याने अध्याय पाडले. 1551 साली रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने ग्रीक नव्या करारातील वचनांना क्रमांक देऊन तो छापला. 1560 च्या जिनिव्हा बायबलने हे आकडे इंग्रजी वाचकाच्या हाती दिले. याचा परिणाम मोठा झाला. पुरोहित आणि चांभार, बिशप आणि सुतार आता एकाच वचनावर बोट ठेवून वाद घालू शकत होते. "शास्त्रात असे आहे" हे सांगणे आता पुरेसे नव्हते. "कुठे आहे? क्रमांक सांगा," असे कोणीही विचारू शकत होते.

जिनिव्हा बायबलने आणखी एक गोष्ट केली. तिने समास टिपांनी भरून टाकले. मिसरच्या राजाने हिब्रूंची नवजात मुले मारण्याचा हुकूम दिला आणि सुइणींनी तो पाळला नाही, ही गोष्ट बायबलमध्ये आहे. सुइणी राजाशी खोटे बोलल्या ते वाईट, पण त्यांनी राजाज्ञा मोडली ते योग्यच होते, असा अभिप्राय जिनिव्हाच्या टिपेत होता. इंग्लंडचा राजा जेम्स याला नेमकी ही टीप खुपली. 1604 साली नव्या भाषांतराचा निर्णय झाला, तेव्हा अनुवादकांना नियम घालून दिला गेला की हिब्रू वा ग्रीक शब्दाचा अर्थ सांगण्यापुरती टीप चालेल, बाकी समासात काही लिहायचे नाही. 1611 चे प्रसिद्ध किंग जेम्स बायबल असे तयार झाले.

मित्रहो, यावर थोडे थांबून विचार करा. राजाला बायबलची भीती नव्हती. बायबल तर त्याने स्वतःच्या आश्रयाखाली छापवले. त्याला भीती होती ती समासाची. मूळ मजकूर सत्ताधाऱ्याला पचतो. त्या मजकुराशेजारी सामान्य वाचक काय लिहील, ते त्याला पचत नाही.

कापलेले बायबल आणि कापून काढलेले बायबल

दोन उदाहरणे शेजारी ठेवली की मुद्दा उघड होतो. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास बायबल छापले गेले. गुलामगिरीतून बाहेर पडणाऱ्या इस्राएली लोकांची कथा त्यातून काढून टाकली होती. गुलामाने काय वाचायचे, ते मालकाच्या वर्गाने ठरवले आणि कात्री चालवली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचे. धर्मग्रंथाचा आधार देऊन स्त्रियांना मताधिकार नाकारला जात होता. या स्त्रियांनी बायबलच्या प्रती विकत घेतल्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या आणि जिथे जिथे स्त्रीचा उल्लेख आहे तिथे खुणा केल्या. मग तो मजकूर कापून कोऱ्या वहीत चिकटवला आणि त्याखाली आपले भाष्य लिहिले. 'द वुमन्स बायबल' या नावाने ते 1895 आणि 1898 साली दोन भागांत प्रसिद्ध झाले. खुद्द मताधिकार चळवळीतल्या मोठ्या संघटनेने 1896 मध्ये ठराव करून त्यापासून हात झटकले. आपल्याच माणसांना समासातले लिखाण खुपते, हा अनुभव तेव्हाही होता.

कात्री दोन्हीकडे चालली. एकीकडे वाचकाला अंधारात ठेवण्यासाठी, दुसरीकडे वाचकानेच उजेड पाडण्यासाठी. कात्री कोणाच्या हातात आहे, यावर सगळे ठरते.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हेच वेगळ्या रीतीने केले. त्यांनी धर्म बदलला, पण दुसऱ्याने केलेल्या भाषांतरावर समाधान मानले नाही. हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. 1922 साली त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती धर्माविषयी आपले मत काहीही असो, ज्या ग्रंथाला आपण आपला म्हणतो त्याचा शब्द न् शब्द तपासून घ्यायचा, ही रमाबाईंची शिस्त शिकण्यासारखी आहे.

बाबासाहेबांच्या हातातली लाल-निळी पेन्सिल

आता बाबासाहेबांकडे येऊ. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांच्या संग्रहातली पुस्तके आहेत. संशोधकांनी ती उघडून पाहिली, तेव्हा लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा पानोपानी आढळल्या. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांचे 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हे पुस्तक 1916 साली निघाले. बाबासाहेबांच्या प्रतीत त्यातला मजकूर भरभरून अधोरेखित आहे. त्या पुस्तकातले विचार वीस वर्षांनी, 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त भारतीय समाजाला लावून दाखवलेले दिसतात. ड्युईंनी अमेरिकेसाठी लिहिलेले बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्याच्या तोंडावर फेकले. रेघ ओढणे हा या कामाचा पहिला टप्पा होता. विचार उचलणे, पारखणे आणि आपल्या जमिनीत पेरणे हे पुढचे टप्पे.

शत्रूच्या ग्रंथालाही त्यांनी हीच शिस्त लावली. 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी संस्कृत न जाणण्याच्या आक्षेपाला उत्तर दिले आहे. हे वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे आणि पंधरा वर्षे आपण त्याचा अभ्यास केला आहे, असे ते सांगतात. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. तीही त्यात काय लिहिले आहे ते माहीत असलेल्या माणसांनी. न वाचता पूजणे आणि न वाचता जाळणे, दोन्ही बाबासाहेबांना मान्य नव्हते.

आणि स्वतःच्या ग्रंथाचे काय? प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीचा भाग आहेत का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय? भिक्खू संघ कशासाठी निर्माण केला? हे प्रश्न मांडून ते वाचकाला आवाहन करतात की त्याने पुढे यावे आणि उत्तर शोधण्यात आपली भर घालावी. आम्ही विचारतो, भर घालायची ती कुठे? हात जोडून बसलेल्या श्रोत्याला भर घालता येते का?

6 डिसेंबर 1956 च्या आदल्या रात्रीही बाबासाहेबांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद उशाशी मागवून घेतले होते. शेवटच्या रात्रीपर्यंत ते स्वतःच्या मजकुरावर हात फिरवत होते. त्यांच्या दृष्टीने तो अजून तपासायचा मजकूर होता.

पोथी आली कुठून?

मग आमच्या विहारात पोथी कुठून आली? याला समाजशास्त्रीय कारण आहे. शेकडो वर्षे ग्रंथ हा सोवळ्यातला पदार्थ होता. पाटावर ठेवायचा, लाल फडक्यात बांधायचा, आंघोळ करून हात लावायचा. आमच्या पूर्वजांनी तर लांबूनही ऐकायचा नाही. ज्ञानाची मक्तेदारी टिकवायची तर ज्ञानाच्या वस्तूला पवित्र करून टाकावे लागते. एकदा ती पवित्र झाली की तिला प्रश्न विचारणे म्हणजे विटाळ. आम्ही तो धर्म सोडला, पण ग्रंथाशी वागण्याची त्याची रीत नकळत सोबत आली. लाल फडके गेले, निळे आले.

दुसरे कारण अधिक सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याला जंगलपट्ट्यातल्या दूरदूरच्या खेड्यांतून माणसे आली. त्या दिवशी त्यांच्या हातात हा ग्रंथ नव्हता. तो छापून आला 1957 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, आणि तोही इंग्रजीत. मराठी अनुवाद त्यानंतर आला. त्या पिढीतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. एकाने वाचायचे आणि सगळ्यांनी ऐकायचे, ही त्यांची गरज होती आणि त्यांनी ती निष्ठेने निभावली. त्या आजी-आजोबांच्या जोडलेल्या हातांपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

पण आज त्यांची नात बारावी, बी.ए., डी.एड. झालेली आहे. तिने फक्त ऐकत बसावे, याचे काय कारण उरले? गरज संपल्यावरही जी रीत चालू राहते, तिलाच कर्मकांड म्हणतात.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: ग्रंथावर लिहिणे हा बाबासाहेबांचा अपमान आहे. उत्तर: पुस्तकावर रेघ ओढणे हा अपमान असेल तर बाबासाहेबांनी आपल्या गुरूचा अपमान केला, असे म्हणावे लागेल. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी 1961 मध्ये या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला, तेव्हा मूळ आवृत्तीत नसलेले पाली संदर्भ शोधून जोडले. एका भिक्खूने केलेले हे समासलेखनच आहे. त्याने ग्रंथाचे मोल वाढले.

दुसरा आक्षेप: कमी शिकलेली माणसे काहीतरी चुकीचे लिहितील. उत्तर: लिहू द्या. पेन्सिल त्यासाठीच असते. ग्रंथाच्या चौथ्या खंडाच्या दुसऱ्या भागात, गैरसमजाची कारणे सांगताना, बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. बुद्ध बुद्धिवादी होते, म्हणून जे तर्काला धरून असेल तेच त्यांचे मानावे. ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही अशा चर्चेत ते कधी पडले नाहीत. भाणकांनी पाठ करून जतन केलेल्या वचनांतही चुका शिरल्या, असे ते सांगतात. खुद्द बुद्धवचन कसोटीला लावायला सांगणारा ग्रंथ वाचकाच्या चुकीला घाबरेल का?

तिसरा आक्षेप आम्हाला अधिक वजनदार वाटतो: नुसत्या रेघा मारून अभ्यास होत नाही. हे खरे आहे. ख्रिस्ती प्रचारकांतही बायबलवर खुणा करण्याची मोठी परंपरा आहे. अमेरिकेतला ड्वाइट मूडी हा थोडेसेच शिकलेला, चपलांच्या दुकानात विक्रेता असलेला माणूस. तो जगप्रसिद्ध प्रवचनकार झाला आणि बायबलवर खुणा करा, असे श्रोत्यांना सांगत राहिला. पण त्यात एक धोका असतो. माणूस आवडलेल्या वचनाखाली रेघ ओढतो आणि न पटलेले सोडून देतो. मग रंगीबेरंगी पान तयार होते, डोके तेच राहते. म्हणून आमचा आग्रह असा की 'पटले नाही' याचीही खूण हवी.

आपल्याच जंगलातले उदाहरण

मजकुराशी झुंजण्याची ताकद पाहायला लांब जायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने अनेक वर्षे अभ्यास गट चालवले. गावातली माणसे एकत्र बसून कायदे, नियम, हक्क समजून घेत. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूवर अडले. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे 'झाड' होते, म्हणून वनखाते त्यावरचा ताबा सोडत नव्हते. पण नव्या कायद्याच्या व्याख्येच्या कलमात गौण वनोपजात बांबू हा शब्द स्पष्ट छापलेला होता. गाव त्या शब्दावर बोट ठेवून उभे राहिले. 2011 साली बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

एका शब्दाखालची रेघ काय करू शकते, ते यातून दिसते. कायदा फ्रेममध्ये लावून त्याला हार घातला असता, तर बांबू आजही दुसऱ्याचा असता. आपण संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन करतो. ते चांगलेच आहे. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरातल्या संविधानाच्या प्रतीत अनुच्छेद 17 खाली रेघ आहे?

येत्या वर्षावासात काय करता येईल?

आमची सूचना साधी आहे. विहारातली मोठी प्रत तशीच ठेवा. पण पाच-सहा घरांत मिळून एक अभ्यासाची प्रत घ्या आणि तिला शिसपेन्सिल बांधून ठेवा. तीन महिन्यांत आठही खंड संपवण्याचा हट्ट सोडा. एका वर्षावासात एकच खंड घ्या. चार खुणा पुरेत: समजले त्याला रेघ, समजले नाही त्याला प्रश्नचिन्ह, पटले नाही त्याला फुली आणि आपल्या गावात असेच आहे त्याला गोल. शेजारी तारीख घाला. आठवड्यातून एकदा फक्त प्रश्नचिन्हे आणि फुल्या वाचायच्या, परिच्छेदाचा क्रमांक सांगून. खुणा करायला पहिली पाळी बायांची आणि मुलींची ठेवा, कारण ऐकायला त्याच सर्वांत जास्त येतात आणि बोलायला त्यांनाच सर्वांत कमी मिळते.

पहिल्या खंडातला रोहिणी नदीचा प्रसंग घ्या. शाक्य आणि कोलियांचा पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला: दोघे आमचे, दोघे त्यांचे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. बहुमताने त्याचे म्हणणे फेटाळले आणि घराण्यावर सामाजिक बहिष्काराची, शेतजमीन जप्त करण्याची धमकी आली. हे वाचून नुसते "साधु, साधु, साधु" म्हणायचे की समासात लिहायचे, आपल्या गावच्या मामा तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत येते का? ती शेवटची बांधी कोणाची आहे? पाणीवाटपाच्या बैठकीत आपले कोण असते? बहिष्काराची धमकी आपल्याकडे शेवटची कधी दिली गेली?

हे प्रश्न समासात उतरले की तो ग्रंथ कपिलवस्तूचा राहत नाही, आपल्या गावचा होतो. बाबासाहेबांना असेच 'बौद्ध बायबल' हवे होते, असे आमचे ठाम मत आहे. क्रमांक त्यांनी घालून ठेवले आहेत, प्रश्नही मांडून ठेवले आहेत, समास मोकळे सोडले आहेत. ते भरण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

निळे कापड सोडा, ग्रंथ उघडा आणि पेन्सिलीला टोक काढा.

जय भीम. नमो बुद्धाय.